बारा अक्षरं आणि एक शेपूट

आमच्या घरी पाहुण्याला आधी पाणी मिळत नाही, आधी त्याचा फोन मागितला जातो. माझा सख्खा भाऊ आला होता. त्याने पायातले बूट काढायच्या आत आमच्या ह्यांनी हात पुढे केला, "फोन द्या जरा." भावाला वाटलं, मुलांचे फोटो बघायचे असतील. ह्यांनी सेटिंग उघडलं, 'फोनबद्दल' असं लिहिलेलं दाबलं, बोटाने खाली खाली सरकत एका ओळीवर थांबले आणि ती ओळ वहीत उतरवून घेतली. मग म्हणाले, "आता तुमचं वाय-फाय चालेल. बसा." भाऊ बसला. पुढच्या वेळी आला तो एकदम दीड वर्षाने.

त्या ओळीत बारा अक्षरं असतात. दोन-दोनच्या सहा जोड्या, काही आकडे आणि काही इंग्रजी अक्षरं. ह्यांनी मला हे इतक्या वेळा समजावलंय की मी झोपेतही घडाघडा सांगेन. फोन असो की कॉम्प्युटर, नेटवर्कमध्ये शिरायला त्याला कारखान्यातूनच एक नंबर मिळालेला असतो. मालक बदलला तरी तो नंबर तोच. पहिली सहा अक्षरं म्हणजे आडनाव, कुठल्या कंपनीचा माल आहे ते त्यावरून कळतं. पुढची सहा म्हणजे त्याचं स्वतःचं नाव. "माणूस खोटं बोलतो," हे म्हणायचे, "मशीन बोलत नाही." हे वाक्य मी इतकं ऐकलंय की कधीकधी वाटायचं, कानात बोळे घालून फिरावं.

हे एका परीक्षा कार्यालयात नेटवर्क सांभाळतात. सव्वीस वर्षं झाली. तिथे ज्या यंत्राचा नंबर ह्यांच्या रजिस्टरमध्ये नाही, त्याला आत प्रवेश नाही, मग ते साहेबांचं का असेना. हिरव्या कापडी पुठ्ठ्याचं ते रजिस्टर हे कुणाच्या हातात देत नाहीत, स्वतः पान उघडून समोर धरतात. ऑफिसात ह्यांना पाठीमागे 'बारा अक्षरी' म्हणतात. कोण कोण म्हणतं, तेही ह्यांना पाठ आहे.

संशय ह्यांच्या रक्तातच आहे. कुलूप लावलं की तीनदा ओढून बघायचं, जिना उतरायचा, परत चढायचा आणि चौथ्यांदा ओढायचं. वरच्या मजल्यावरचा भाडेकरू आमचं वाय-फाय वापरतो, असा ह्यांना चार महिने संशय होता. त्याच्या प्रत्येक नमस्कारात ह्यांना खोट दिसायची. शेवटी निघालं काय? आमचाच जुना टॅबलेट, कपाटाच्या वर चालू राहिलेला. भाडेकरूची माफी मात्र ह्यांनी मागितली नाही. म्हणाले, "वापरत नसला तरी वापरण्यासारखा आहे."

सून घरात आली तेव्हा मी ह्यांना शपथ घातली होती, निदान पहिल्या दिवशी तरी गप्प बसा. कसलं काय! तिची बॅग अजून दारात होती आणि ह्यांनी वही काढली. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. पण ती हसली. स्वतःच फोनमधली ती ओळ काढली, एकेक अक्षर थांबून थांबून वाचलं आणि म्हणाली, "बाबा, परत वाचू का? जुळवून घ्या." हे असे खूश झाले, असे खूश झाले की विचारू नका. मला आत येऊन म्हणाले, "ही पोरगी आपल्यातली आहे."

पुढे तिला ह्यांच्याच ऑफिसात टायपिस्टची नोकरी लागली, कंत्राटावर, तिच्या स्वतःच्या हुशारीने. हे तर मुलाखतीच्या दिवशी रजा टाकून घरी बसले होते, उगाच कुणी बोट दाखवायला नको म्हणून. कंत्राटी माणसांनी लॅपटॉप आपापला आणायचा, असा तिथला नियम. आता हे हल्लीचे लॅपटॉप पापडासारखे पातळ, त्यांना नेटवर्कची जाड वायर खुपसायला भोकच नसतं. म्हणून ऑफिसने एक वीतभर लांबीचा जोड आणला होता. त्याचं एक टोक लॅपटॉपमध्ये घालायचं आणि दुसऱ्या टोकात ती वायर. सगळे त्याला 'शेपूट' म्हणायचे. चार कंत्राटी माणसं आणि शेपूट एकच. ते कपाटाशेजारच्या खिळ्यावर लटकलेलं असायचं. ज्याला हवं त्याने काढावं, काम झालं की परत अडकवावं. दिवसभर हे ऐकू यायचं म्हणे, "अरे, शेपूट कुणाकडे आहे?" सून घरी येऊन ह्याची नक्कल करायची आणि आम्ही दोघी हसून बेजार व्हायचो.

तीन वर्षं अशी बरी गेली. मग ती प्रश्नपत्रिका फुटली.

परीक्षेचा आठवडा होता, शनिवारीही ऑफिस सहापर्यंत चालू होतं. सुनेची सकाळची पाळी, ती एकला सही करून निघाली आणि दोनला घरी आली. ह्यांची त्या दिवशी सुट्टी. सोमवारी बघतात तर प्रश्नपत्रिका गावभर झालेली. मंगळवारी साहेबांनी ह्यांना बोलावून मुख्य कॉम्प्युटरची नोंद काढायला सांगितली. शनिवारी चार वाजून दहा मिनिटांनी ती फाइल कुणीतरी उघडून उतरवून घेतली होती. नोंदीत माणसाचं नाव नव्हतं. वेळ होती आणि बारा अक्षरं होती.

"हा नंबर कुणाचा?" साहेबांनी विचारलं. ह्यांनी हिरवं रजिस्टर उघडलं, पान लावलं, बोट फिरवलं आणि सुनेच्या ओळीवर थांबवलं.

हे सगळं ह्यांनी मला संध्याकाळी सांगितलं, बूटही न काढता, दारात उभं राहून.

"मग तुम्ही काय केलंत?" मी विचारलं.

"काय करणार? वाचून दाखवलं."

"अहो, शनिवारी चार वाजता ती ह्या इथे बसली होती! तुमच्या शर्टाचं बटण लावत होती! तुम्ही बनियनवर उभे राहून दोनदा सांगितलंत तिला, दोरा पांढराच घे!"

"ती इथे होती," हे म्हणाले. "लॅपटॉप इथे होता का? साहेबांचं म्हणणं तेच आहे. लॅपटॉप मागे ठेवून आली असेल, कुणाच्या तरी हातात देऊन."

"बॅग होती की खुर्चीवर!"

"बॅगेत लॅपटॉप होता? तू पाहिलास?"

मी पाहिला नव्हता. कशाला बघेन? कुणाची बॅग उघडून बघायची सवय ह्यांना, मला नाही. पण खरं सांगते, मनात शंकेची पाल चुकचुकली.

सून मागोमाग आली. चेहरा पांढराफटक. बॅग टेबलावर ठेवली, ह्यांच्यासमोर उभी राहिली आणि म्हणाली, "बाबा, लॅपटॉप बॅगेतच होता. मी बरोबर घेऊन आले होते."

"असेल," हे म्हणाले.

नुसतं 'असेल'. त्यापेक्षा दोन मुस्काटात मारल्या असत्या तरी बरं झालं असतं. ती आत गेली आणि दार लोटून घेतलं. बुधवारी तिला घरी बसवलं. साहेबांनी तिचा लॅपटॉप सगळा चाळला, काही मिळालं नाही, म्हणून परत दिला. पण नंबर तिचाच होता ना! येत्या सोमवारी चौकशी समितीपुढे ह्यांनी लेखी द्यायचं होतं की नंबर रजिस्टरप्रमाणे जुळतो. मग तिची नोकरी जाणार आणि त्याच दिवशी पोलिसांत तक्रार. एकदा हा डाग लागला की कुठल्या ऑफिसात तिला कुणी उभं केलं असतं?

ते चार दिवस घरात कुणी कुणाकडे सरळ बघितलं नाही. माझा लेक कामानिमित्त दुसऱ्या गावी असतो. त्याचा फोन आला, तो रडकुंडीला आलेला. म्हणाला, "आई, तुला काय वाटतं?" मी म्हणाले, "बघू या काय ठरतं ते." फोन ठेवल्यावर माझं मलाच कसंतरी झालं, पण शब्द तर तोंडातून गेले होते.

आणि एकदा पाल चुकचुकली की काय काय दिसायला लागतं! ती गॅलरीत जाऊन फोनवर हळू आवाजात बोलते, ते कुणाशी? हा करडा स्वेटर नवा दिसतो, कधी घेतला? परवा डाकेने आलेलं पाकीट तिने लगेच आत नेलं, त्यात काय होतं? ह्यांच्या सव्वीस वर्षांच्या नोकरीत ह्यांना जेवढं सुचलं नसेल, तेवढं मला दोन दिवसांत सुचलं. शुक्रवारी ती लेखी खुलासा द्यायला ऑफिसात गेली आणि मी तिचं कपाट उघडलं. खोटं कशाला बोलू? प्रत्येक घडी उलगडून पाहिली, त्या करड्या स्वेटरचीही. पाकिटात तिच्या आईचं पत्र होतं. बाकी प्रमाणपत्रं होती, बसची जुनी तिकिटं होती, आणि एका डबीत ह्यांच्या शर्टांची जादा बटणं जपून ठेवलेली होती, रंगाप्रमाणे कागदात बांधून. मी सगळं होतं तसं ठेवलं आणि कपाट लावलं. ह्यांनासुद्धा सांगितलं नाही.

रविवारी सकाळी हे टेबलाशी बसून सोमवारचं निवेदन लिहीत होते. मी समोर शेंगा सोलत होते. ह्यांचं अक्षर सुंदर आहे, रेघेवर बसवल्यासारखं. त्या सुंदर अक्षरात सुनेचं वाटोळं लिहिलेलं मला बघवेना.

"मला दाखवा तो नंबर," मी म्हणाले.

"तुला काय कळणार त्यात?"

"बारा मोजता येतात मला! ज्याच्यापायी माझं घर फुटायची वेळ आलीय, तो नंबर एकदा ह्या डोळ्यांनी बघू तर द्या. तीन वर्षांपूर्वी बघितलात ना त्या लॅपटॉपात? आज परत बघा."

"रजिस्टरमध्ये आहे म्हणजे आहे."

"मग बघायला भिता कशाला?"

ते ह्यांना झोंबलं. सुनेने आतून ऐकलं असणार. तिने लॅपटॉप आणला, टेबलावर ठेवला, उघडून पासवर्ड टाकला, ह्यांच्यापुढे सरकवला आणि मागे भिंतीला टेकून उभी राहिली. ह्यांनी चष्मा पुसला. पडद्यावर एक काळी खिडकी उघडली, तिच्यात एक आज्ञा टाइप केली. पांढऱ्या ओळी भराभर खाली आल्या. रजिस्टरमधला नंबर निवेदनात लिहिलेलाच होता. हे म्हणाले, "तू वाच, मी जुळवतो."

मी पहिली जोडी वाचली. हे कागदावर वाकले. दुसरी वाचली.

"थांब. परत पहिल्यापासून वाच."

मी परत वाचलं. पडद्यावर दोन नंबर होते, एक वाय-फायचा आणि एक ब्लूटूथचा. दोन्हींचं आडनाव वेगळं, नाव वेगळं. ह्यांनी आज्ञा पुन्हा टाइप केली. लॅपटॉप उलटा करून खालचं लेबल वाचलं. पुन्हा सरळ केला. रजिस्टरमधला नंबर त्या लॅपटॉपात नव्हताच.

मला वाटलं, आता हे उठून नाचतील. पण संशय इतक्या सहज सोडतो होय?

"हिने नंबर बदललाय," हे म्हणाले. "जाणकाराला बदलता येतो."

"बाबा!" सून म्हणाली. एवढंच.

माझ्या हातातल्या शेंगा खाली पडल्या. "वा रे वा! नंबर जुळला तरी ही चोर आणि नाही जुळला तरी हीच चोर! मग बघायचं कशाला? सव्वीस वर्षं तुम्ही अख्ख्या जगावर संशय घेतलात, एकदा, फक्त एकदा त्या हिरव्या रजिस्टरवर घ्या! ज्या दिवशी नंबर उतरवलात, त्या दिवशी ह्या लॅपटॉपाला असं काय होतं जे आज नाही? आठवा!"

हे लॅपटॉपाच्या कडेकडे बघत राहिले, त्या पातळ, भोक नसलेल्या कडेकडे.

"शेपूट," सून भिंतीकडून हळूच म्हणाली. "त्या दिवशी शेपूट लावलेलं होतं, बाबा. तुम्हीच लावून दिलं होतंत."

ह्यांनी कागद जवळ ओढला. पहिल्या सहा अक्षरांवर बोट ठेवलं. आणि ह्यांच्या तोंडचं पाणीच पळालं. "हे आडनाव लॅपटॉपच्या कंपनीचं नाही," हे म्हणाले. "हे शेपटाच्या कंपनीचं आहे."

मग सगळं उलगडलं. शेपटालाही कारखान्यातून स्वतःचा नंबर मिळालेला असतो. त्या दिवशी पडद्यावर तीन नंबर होते आणि हे समजले, ज्याच्यातून काम चाललंय तोच लॅपटॉपचा. मी लेकाला लहानपणी बुटांसकट वजनाच्या काट्यावर उभं केलं होतं आणि डॉक्टरांनी बूट धरून वजन लिहिलं होतं, तसलाच प्रकार. बाकीच्या तिघांचे लॅपटॉप नंतर आले. त्यांचे नंबर ह्यांनी खोक्यावरच्या लेबलवरून उतरवले. शेपूट तर आधीच रजिस्टरमध्ये होतं, सुनेच्या नावावर. म्हणजे जो कुणी ते खिळ्यावरून काढून आपल्या लॅपटॉपाला लावेल, तो नेटवर्कला सूनच दिसणार. तीन वर्षं कुणी अडलं नाही, म्हणून ह्यांना कधी संशय आला नाही. डोळ्यांत तेल घालून बसलेला माणूस, आणि चूक स्वतःच्याच सुंदर अक्षरात.

ह्यांनी निवेदनाचा कागद फाडला. त्या दिवशी हे जेवले नाहीत. मीही आग्रह केला नाही, बसू देत म्हटलं उपाशी.

सोमवारी समितीपुढे काय झालं, ते मला सुनेने सांगितलं. ह्यांनी खिळ्यावरचं शेपूट काढलं, सगळ्यांसमोर साहेबांच्या स्वतःच्या लॅपटॉपाला लावलं, काळी खिडकी उघडली आणि साहेबांनाच नंबर मोठ्याने वाचायला लावला. तीच बारा अक्षरं. मग हे म्हणाले, "साहेब, माझ्या रजिस्टरप्रमाणे आत्ता तुम्ही माझी सून आहात." कुणीतरी खुदकन हसलं. ह्यांनी लाल पेन मागितलं, सव्वीस वर्षांत पहिल्यांदा त्या रजिस्टरमधली ओळ खोडली, शेजारी 'चूक माझी' असं लिहून सही केली आणि रजिस्टर साहेबांच्या टेबलावर ठेवून दिलं. समितीने सुनेवरचा आरोप तिथल्या तिथे लेखी मागे घेतला. शनिवारी शेपूट कुणी काढलं होतं, ते मात्र आजतागायत कळलेलं नाही. खिळ्यावरची वस्तू घ्यायला सही कोण करतं? आता म्हणे ते कपाटात कुलपात असतं आणि ऑफिसातली माणसं एकमेकांचा चहासुद्धा वास घेऊन पितात.

संध्याकाळी दोघं एकाच बसने आले. हे दारातच थांबले. बूट काढायला वाकले आणि तसेच वाकलेले राहिले, तिच्याकडे न बघता म्हणाले, "चुकलो मी, पोरी. मशीन खोटं बोललं नाही. मीच भलत्या मशीनला विचारत बसलो."

"मला विचारायचं होतं, बाबा," ती म्हणाली. "मी समोरच बसले होते, तुमचं बटण लावत."

ह्यांचे डोळे भरून आले. मी ह्यांना एवढ्या वर्षांत कधी रडताना पाहिलं नव्हतं. आणि मला काय अवदसा आठवली कोण जाणे, मी मध्येच तोंड घातलं. "मी पहिल्या दिवसापासून सांगत होते ह्यांना! माणूस ओळखायला वही लागत नाही म्हणून! पण माझं ऐकतंय कोण ह्या घरात?"

थंडी होती, सून आत जाऊन तो करडा स्वेटर घेऊन आली. घडी उलगडता उलगडता थांबली. मग अगदी साध्या आवाजात, मीठ संपलंय असं सांगावं तशी म्हणाली, "आई, तुम्ही बाही आत दुमडता. मी मागे दुमडते."

स्वेटर अंगात घालून ती चहा टाकायला स्वयंपाकघरात गेली. शुक्रवारपासून तिला माहीत होतं. शुक्रवारी रात्री, शनिवारी, रविवारी, तिन्ही दिवस तिने माझ्यासमोर बसून जेवण केलं होतं.

ह्यांनी माझ्याकडे पाहिलं. आल्यागेल्याला दारात उभं करून प्रश्न विचारणारा हा माणूस. मी वाट बघत राहिले, आता विचारतील, मग विचारतील. ह्यांनी काहीच विचारलं नाही.